चिमुकले आरोग्यदूत : लकडगंजच्या निमित्ताने

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंजला ज्या लाकडाच्या व्यापारामुळे हे नाव पडले, त्या व्यापाराच्या वखारी व आरा मशिनी आजही तेथे दिसतात. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एक झोन याच नावाने ओळखला जातो. एका अंगाला इतवारीची जुनी बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला कळमन्याचा बाजार, मध्ये वर्धमाननगरसारखी सुखवस्तू वसाहत आणि तिच्या आसपास हमाल, सुतार, रिक्षाचालक व रोजमजुरांची दाट घरे, असे या भागाचे मिश्र स्वरूप आहे. अशा वस्तीतील इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींना शिकवून तयार केले, तर ती आपल्याच सवंगड्यांमध्ये आरोग्याच्या सवयी रुजवू शकतील काय, हा प्रश्न आपल्या शाळांनी व धर्मग्रामांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटातील मुलांमधूनच समवयस्क शिक्षक निवडण्याची कल्पना मांडण्यात आली. त्यानंतर 12 फेब्रुवारी 2020 रोजी आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यावयाचे व विद्यार्थ्यांनी संदेशवाहक व्हावयाचे, अशी रचना आहे. पहिल्या टप्प्यात आकांक्षित जिल्ह्यांतील उच्च प्राथमिक व त्यावरील वर्गांची निवड झाली. विदर्भातील गडचिरोली व वाशीम हे जिल्हे त्या यादीत होते, नागपूर नव्हते. दोन्ही योजनांची दृष्टी प्रामुख्याने दहा वर्षांपुढील मुलांवर आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल या आखणीत ऐकणारे आहे, सांगणारे नाही. वस्तुतः हात धुण्याची सवय, उघड्यावरचे खाणे, सुपारीची पहिली चव या गोष्टी सहावीच्या वर्गाची वाट पाहत थांबत नाहीत.

मुलांनी मुलांना आरोग्य शिकवावे, हा विचार नवा नाही. डॉ. डेव्हिड मोर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातील इलेशा येथील मेथॉडिस्ट मिशन रुग्णालयात 1950 च्या दशकात काम केले होते. आई शेतावर वा बाजारात गेली की धाकट्याला मोठे भावंडच सांभाळते, ही गोष्ट आफ्रिकेत काय किंवा आपल्याकडे काय, सर्वांच्या परिचयाची. मग त्या मोठ्या भावंडालाच जुलाब झाल्यावर काय करावे, ताप कसा ओळखावा, हे का शिकवू नये? या सरळ विचारातून 1978 साली लंडनमध्ये ‘मुलांकडून मुलांकडे’ या चळवळीचा पाया घातला गेला. पुढील वर्ष आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून पाळण्यात आले आणि कल्पना अनेक देशांत पोहोचली. मुंबईत केईएम रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मालवणी येथील प्रकल्पात डॉ. विजया भालेराव यांनी शाळकरी मुलांना कुटुंबातील आरोग्यनेते मानून काम केले आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. म्हणजे महाराष्ट्राला हा विषय चाळीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

आपल्या ख्रिस्तसभेला तर तो त्याहूनही जुना आहे. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी 1843 मध्ये पवित्र बालपण संघाची स्थापना केली. मुलांनीच मुलांना साहाय्य करावे, हे त्या संघाचे सूत्र. दूरदेशीच्या बालकांसाठी रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याकाठी एक लहानसे नाणे एवढीच अपेक्षा युरोपातील मुलांकडून होती. मुलांना झेपेल एवढेच, परंतु नेमाने मागावयाचे, हे त्या संस्थापकाला नेमके उमगले होते. आरोग्याच्या कामातही मुलांकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवू नये, असे आम्हांस वाटते.

आता अनुभव काय सांगतो ते पाहू. नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी वर्धा जिल्ह्यातील आंजी परिसरातील शाळकरी मुलांमध्ये ‘मुलांकडून मुलांकडे’ पद्धतीने स्वच्छतेचे शिक्षण देऊन पाहिले व 2007 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलांच्या सवयी सुधारल्या, हे त्यातून दिसलेच. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या डॉक्टरांनी मुलांना अडचणी विचारल्या. त्यांतून पुढे आल्या त्या साध्या गोष्टी : साबण हाताशी नसतो, नखे कापायला नेलकटर नसते, घरचे लक्ष देत नाहीत. मुलाला ज्ञान कमी पडत नव्हते, त्याला साबण कमी पडत होता!

मुंबईतील 70 गरीब वस्त्यांमध्ये पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हेच उलट बाजूने दिसते. तेथे हात धुण्याच्या शिकवणीबरोबर कुटुंबांना साबण फुकट पुरविण्यात आला. त्या मुलांमध्ये जुलाबाचे प्रसंग सुमारे 25 टक्क्यांनी, श्वसनाचे आजार 15 टक्क्यांनी आणि आजारपणामुळे शाळा बुडण्याचे प्रमाण 27 टक्क्यांनी कमी आढळले. साबण बनविणाऱ्या कंपनीचे पाठबळ या अभ्यासाला होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. तरीही पाच वर्षांचे मूल सवय उचलते आणि वस्तू हाताशी असेल तर ती टिकवते, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

तंबाखूच्या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग दिल्ली व चेन्नई येथील आहे. 2004 ते 2006 या काळात 32 शाळांतील सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांमध्ये तो राबविला गेला. निम्म्या शाळांत शिक्षकांसोबत विद्यार्थ्यांमधून निवडलेल्या म्होरक्यांना शिकवून त्यांच्याकरवी वर्गात चर्चा, खेळ व उपक्रम घेतले. दोन वर्षांनंतर या शाळांतील तंबाखूचा वापर 17 टक्क्यांनी घटला होता, तर उरलेल्या शाळांत तो 68 टक्क्यांनी वाढला होता. ही मुले आपल्या चौथीच्या मुलांपेक्षा मोठी होती, हे खरे. परंतु सोबत्याने सांगितलेले ऐकण्याची वृत्ती वयाबरोबर अचानक उगवत नाही. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांसाठी झालेल्या आणखी एका प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांवर सोपविला होता आणि काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकांवर. समुपदेशक असलेल्या शाळांचे वातावरण सुधारले, शिक्षकांवर सोपविलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार आणि त्यावर आरोग्य, असा भार एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवल्यावर दुसरे काय होणार? मुलांना तयार करण्याचे काम ज्याला वेळ आहे अशा व्यक्तीकडे द्यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर लकडगंजकडे परतू या.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा म्हणजे काय हे सांगावे लागेल, नागपूरकराला नाही. सुपारीचे काप, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात व त्याची पुडी बांधून देतात. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये गुटख्यावर आणि पुढील वर्षी खर्रा, मावा व सुगंधित सुपारीवरही बंदी घातली. तरीही पानठेल्यावर घोटण्याचे काम थांबलेले नाही, हे रस्त्याने जाणाऱ्या कोणासही दिसते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे थोडे, तोंडात ठेवणारे बहुसंख्य. 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरताना आढळले. नुसती सुपारी निरुपद्रवी असते, या समजुतीवरही विसंबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्ककारक ठरविले आहे. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाची आतील त्वचा हळूहळू ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, घास घेणे अवघड होते.

कायदा काय म्हणतो? 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे असताना वडिलांसाठी, काकांसाठी, आरा मशिनीवरच्या मिस्त्रीसाठी पुडी आणायला कोण जाते? घरातील सर्वांत धाकटा मुलगा जातो. उरलेल्या सुट्या पैशांचे त्याला चॉकलेट मिळते. व्यसनाची ओळख करून देणारी ही पहिली फेरी आपल्याच घरातून सुरू होते, आणि त्यात ख्रिस्ती घरे अपवाद आहेत असे मानण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

येथे चौथीतले मूल काय करू शकते? बापाला व्यसनमुक्त करणे हे त्याचे काम नव्हे. ते त्याच्यावर लादणे क्रूरपणाचे होईल. पण “मी पुडी आणायला जाणार नाही” हे एक वाक्य ते शिकू शकते आणि आपल्या सोबत्याला शिकवू शकते. वर्गात त्याची नाटुकलीतून तालीम घेता येते : काकांनी पैसे पुढे केले, आता तू काय म्हणशील? न चिडता, मान राखून, पण ठाम कसे बोलावे? दहा मुलांनी हे दहा प्रकारे करून दाखविले की अकराव्याला धीर येतो. ही तालीम पोस्टर रंगविण्यापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे. मात्र एक अट आहे. मुलाने नकार दिल्यावर त्याला मार बसणार नाही, याची हमी पालकसभेत आधी घेतली गेली पाहिजे. ही पालकसभा झाल्याशिवाय मुलांना ते वाक्य शिकवूच नये, असे आमचे मत आहे.

दुसरा विषय कूलरचा. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि कूलर ही येथे चैन नव्हे, गरज आहे. परंतु जूनमध्ये पावसाने हवा गार झाली की कूलर बंद होतो आणि खिडकीत तसाच राहतो. टाकीत उरलेले पाणी आणि वर पडणारा पाऊस मिळून डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची सोय होते. हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. 2021 साली नागपूरने डेंग्यूची मोठी साथ सोसली, हे अनेक कुटुंबांच्या स्मरणात असेल.

आठवड्यातून एकदा पाणी काढून टाका, असा संदेश सर्वत्र दिला जातो. तो अपुरा आहे. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या बाहेर येतात. म्हणून टाकी रिकामी करून भागत नाही, ती आतून घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांचा नेम का, याचे कारण हेच. एवढे विज्ञान नऊ वर्षांच्या मुलाला सहज समजते, विशेषतः एका काचेच्या बरणीत वळवळणाऱ्या अळ्या प्रत्यक्ष दाखविल्या तर. बरणीच्या तोंडावर घट्ट कापड बांधून ती चार दिवस वर्गात ठेवली की अळीचा कोश आणि कोशाचा डास होताना मुले पाहतात. मग घरी जाऊन कूलर, पिंप, कुंडीखालची बशी, फेकलेला टायर तपासण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. टाकी घासण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे, कूलरचा प्लग काढून. मुलाचे काम बघण्याचे व सांगण्याचे. विजेच्या उपकरणाला त्याने हात लावता कामा नये, हे प्रशिक्षणातील पहिले वाक्य असावे.

मुलांची निवड कशी करावी, यात आपल्या शाळा बहुधा चुकतात. पहिल्या क्रमांकाचा, इंग्रजी चांगले बोलणारा, गणवेश कडक इस्त्रीचा असलेला विद्यार्थी ‘हेल्थ मॉनिटर’ होतो, छातीवर बिल्ला लावतो आणि रांगेत उभ्या असलेल्या इतरांची नखे तपासतो. हे आरोग्यशिक्षण नव्हे, ही छोटी फौजदारी आहे. ज्याच्या डोक्यात उवा आहेत, ज्याच्या घरी पाणी एक वेळच येते, त्या मुलाला वर्गासमोर लाज वाटली की तो आरोग्याचे नाव ऐकताच मागच्या बाकावर सरकतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या निरक्षर, त्यांतही अनेक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या यशस्वी झाल्या, कारण ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यासारखेच त्यांचे जीवन होते. शाळेतही हाच न्याय लावावा. वस्तीतल्या मुलाशी वस्तीतलेच मूल बोलले पाहिजे. शक्य असल्यास वर्गातील प्रत्येकाला आळीपाळीने ही जबाबदारी द्यावी, म्हणजे बिल्ल्याचा अहंकारही उरत नाही. आणि हे काम मुलींच्याच गळ्यात पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. घरी धाकट्यांना सांभाळणारी बहीण शाळेतही सर्वांची आई व्हावी, अशी अपेक्षा अन्यायाची आहे.

एक गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलावर विश्वास टाकला की दुसरे मूल त्याच्यापाशी मन मोकळे करते. घरातला मार, एखाद्या मोठ्या व्यक्तीचा नकोसा स्पर्श, उपाशी राहिलेला दिवस, असे काहीही त्यातून पुढे येऊ शकते. नऊ वर्षांच्या आरोग्यदूताने ते गुपित म्हणून पोटात ठेवावे काय? मुळीच नाही. त्याला पहिल्याच दिवशी एका जबाबदार मोठ्या व्यक्तीचे नाव सांगितलेले असावे आणि 1098 हा बालसाहाय्य क्रमांक पाठ असावा. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यातून शाळा, कॉन्व्हेंट वा धर्मग्राम सुटत नाही. जगभरच्या ख्रिस्तसभेने या बाबतीत मौनाची केवढी किंमत मोजली, हे येथे पुन्हा सांगावयास नको. ज्या शाळेला असे नाव देता येत नसेल, तिने हा उपक्रम हाती घेऊ नये.

नागपूर महाधर्मप्रांताची शिक्षणपरंपरा जुनी आहे. सेंट फ्रान्सिस डी’सेल्स शाळा 1870 पासून उभी आहे, धर्मप्रांताची स्थापना त्यानंतर, 1887 ची. धर्मभगिनींचे दवाखाने आणि परिचारिका यांचे जाळे आपल्यापाशी आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात वेगवेगळ्या शाळांची मुले एकत्र येतात, ही तर कोणत्याही सरकारी योजनेला न मिळणारी सोय आहे. निवृत्त परिचारिका प्रत्येक धर्मग्रामात एक तरी सापडते. नालंदाच्या प्रयोगात ज्या ‘वेळ असलेल्या व्यक्ती’ची गरज दिसली, ती आपल्याकडे पहिल्या बाकावर बसून रोज मिस्सा ऐकत असते. तिला महिन्यातून दोन तास मागितले तर ती नाही म्हणेल असे वाटत नाही. पाच भाकरी व दोन मासे घेऊन आलेल्या मुलाची कथा आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्या मुलाजवळचे अन्न कोणीतरी मोठ्याने, आंद्रियाने, प्रभूच्या नजरेस आणून दिले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. बरणी, जाळीचे कापड, टाकी घासण्याचा ब्रश, नळाजवळ दोरीने बांधलेला साबण, वर्गात दोन नेलकटर. साबण मात्र संपतो, आणि संपल्यावर दुसरा कोण आणणार, हे जूनमध्येच ठरवून त्या व्यक्तीचे नाव फलकावर लिहावे. ओल्या साबणावर कावळे व उंदीर टपलेले असतात, म्हणून तो जुन्या मोज्यात घालून टांगतात, ही युक्ती गावाकडच्या शाळांना ठाऊक आहे.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यात सर्वांत उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमक्या त्याच आठवड्यात लकडगंजमधील कूलर बंद होऊ लागतात. पहिला धडा कोणता घ्यावा, याचा शोध घेत बसण्याची गरज नाही. पालकसभा पहिल्या शनिवारी आणि बरणी त्यानंतरच्या सोमवारी ठेवली, तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी बऱ्याच टाक्या घासून झालेल्या असतील. खर्ऱ्याचा विषय त्यानंतर, पालकांशी दुसरी बैठक झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी घ्यावा. सुट्टीत पाहुणे येतात आणि पानठेल्यावरच्या फेऱ्या वाढतात.